तुंबा

नवेगावबांध, जि. गोंदिया

प्रिय शंकर,
सप्रेम नमस्कार.

मुलीकडे दक्षिण कोरियाला जाऊन आलो हे तुला फोनवर सांगितले होतेच. परंतु तिथल्या जेजू बेटावर पाहिलेल्या एका संग्रहालयाविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. २००६ साली उघडलेले हे संग्रहालय ‘हेन्यो’ म्हणजे समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले आणि समुद्रशेवाळ काढणाऱ्या बायकांचे आहे. हवेची नळकांडी न घेता, केवळ छातीतल्या श्वासावर त्या दहा मीटरपर्यंत खोल जातात.

काचेच्या कपाटात त्यांचा जुना तरंगा, ‘तेवाक’, ठेवलेला आहे. तो पाहून मी जागीच थबकलो, कारण तो चक्क वाळवलेला भोपळा होता! आपल्याला पोहायला शिकवताना तुझ्या बाबांनी कमरेला बांधलेले तुंबे असेच होते की नाही? त्यांच्या तरंग्याखाली जाळीची पिशवी लोंबते, एवढाच काय तो फरक.

बुडीहून वर आल्यावर या बायका जो श्वास सोडतात, त्याची बारीक शीळ वाजते. तिला ‘सुंबिसोरी’ म्हणतात. ती मी किनाऱ्यावर उभा राहून ऐकली आणि अजूनही कानात आहे. १९६५ च्या सुमारास तिथे २३,००० हेन्यो होत्या, आता ३,००० देखील उरल्या नाहीत, आणि बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. पण बेटावरच्या लोकांनी वस्तू त्याआधीच जपून ठेवल्या होत्या, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आपल्याकडे मालगुजारी तलाव अजून आहेत, ढिवर समाज आहे, मरळ आणि वाम अजून जाळ्यात येतात. पण आपला जुना डोंगा गेल्या वर्षी जळतणात गेला, हे कळल्यापासून मन लागत नाही. गावातली एक रिकामी खोली मिळण्यासारखी आहे. दिवाळीला येशील तेव्हा माळ्यावरचे बाबांचे भोवरजाळे घेऊन ये, तुटके असले तरी चालेल, आणि आईलाही सोबत आण. त्या जाळ्याची गाठ कशी घालतात, हे आता फक्त आईच्याच हाताला ठाऊक आहे.

तुझा,
वामन