या वेळी कुर्ल्या (खेकडे) मी करणार

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

थंडीत ठाण्याला माझ्याकडे राहायला या, हा विषय फोनवर काढला की आईचा आवाज चढतो आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन पडवीत जाऊन बसतात. म्हणून लिहिते आहे. पत्र मध्येच तोडता येत नाही.

तिकिटं काढली आहेत. मांडवी एक्सप्रेसची, कुडाळ ते ठाणे, दोन्ही खालचे बर्थ, तुळशीची लग्नं आटपल्यानंतरची. दादाशी कुवेतला बोलून, दोघांच्या मताने काढली, तेव्हा त्याला फोन करून माझी तक्रार सांगण्यात अर्थ नाही. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली की त्याच दिवशी परतीची काढीन. भराडी देवीची ओटी भरायला आई तिथे असेल, हा माझा शब्द. घर बंद करायचं कोणाच्याही मनात नाही. थंडीपुरतं या, बस.

का, ते पुन्हा सांगते, तुम्हाला पाठ असलं तरी. आईच्या मनगटाचं प्लास्टर निघालं, पण मूठ अजून घट्ट वळत नाही. तरी तू डाव्या हाताने कळशी ओढत होतीस, हे मला कळलं. (कोणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि काकींवर रागावू तर मुळीच नकोस.) बाबांचा अंगठा गणपतीत सुजला तो अजून अधूनमधून ठणकतो, आणि हे गृहस्थ ओहोटी लागली की आकडी घेऊन कांदळात, खाडीच्या खारफुटीत, उतरतात. 76व्या वर्षी, पोटरीभर चिखलात, एकटे, फोन घरी ठेवून. बाबा, बिळात आकडी घालून कुर्ली ओढण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. मला भीती चिखलातून पाय काढायची आहे. भरतीला तुमच्या गुडघ्यांचं काही पडलेलं नसतं.

लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हे बाबांचं म्हणणं मी ऐकलं आणि सोडून दिलं. दादाच्या मॅट्रिकच्या वर्षी तुम्ही आत्याकडे तिला न विचारता महिनाभर राहिलात, तेव्हा तीही कोणाची तरी सूनच होती. इथे तुमची खोली पूर्वेकडची आहे, सकाळचं ऊन पलंगावर येतं. आरामखुर्ची आणली आहे, वेताची, तुम्हाला लागते तशी ताठ पाठीची. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. सकाळी पेज उकड्या तांदळाचीच मिळेल, तांदूळ सावंतवाडीचा मिळतो इथे. देव्हाऱ्यात एक फळी रिकामी ठेवली आहे, आईने आपला बाळकृष्ण आणावा. तुमच्या जावयांनी स्वतःहून रिमोट सोडायची तयारी दाखवली आहे. एवढा त्याग त्यांनी माझ्यासाठी कधी केलेला नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आईने हुकमाचा एक्का टाकला, "थय कुर्ल्यो खय गावतत?"

तर आता कुर्ल्यांचं बोलू.

मिळतात आई. इथे चिंबोऱ्या म्हणायचं, एवढाच फरक. बाजारात कोळणी बसतात, डेंगे (नांग्या) सुतळीने बांधलेले, टोपलीवर ओलं फडकं. कुठल्या खाडीच्या ते मी आधी विचारते. आमच्या इथल्या खाडीत कारखान्यांचं पाणी येत आलंय, त्यामुळे तिथल्या घेत नाही, दुसरीकडून आलेल्या असल्या तरच घेते. कोळीण खोटं बोलली तर मला कळणार नाही, हे खरं. पण एकीलाच धरून आहे, आणि आता ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते.

निवडायला बाबांनी शिकवलं तसंच निवडते. हातात घेतली की आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. मग उलटी करून मागच्या पायांच्या मुळाशी, पोटाच्या कवचावर अंगठा दाबायचा. दबली तर नुकतीच कात टाकलेली, आत मांसाऐवजी पाणी. टणक लागली तर भरलेली. बाबांचं पुनवेला पोकळ आणि अवसेला भरलेली, हे मी मानते आणि मानतही नाही, कारण अंगठा दाबून पुनवेलाही चांगल्या काढल्या आहेत. तरी तुमची समजूत राहावी म्हणून तिकीट कार्तिकी अवसेच्या आधीचं काढलंय. मार्गशीर्ष लागला की आई महिनाभर सोवळ्यात जाणार, त्याआधी एकदा पोटभर होऊन जाऊ दे. आईसाठी पोटाला रुंद, गोल पट्टी असलेली मादी, लाख (आतली अंडी) भरलेली. बाबांसाठी निमुळत्या पट्टीचा नर, डेंगे मोठे. मेलेली कुर्ली फुकट दिली तरी मी घरात आणत नाही, तिचं मांस पाहता पाहता बिघडतं. हे आईच्या तोंडून लहानपणी इतकं ऐकलंय की माझ्या लेकीलाही पाठ झालंय.

आता पुढचं वाचताना आईने नाक मुरडायचं नाही. मी जिवंत कुर्लीचे डेंगे ओढून काढत नाही. तू काढायचीस, तुझ्या हाताला ती सवय होती. मी त्यांना अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवते. त्या सुस्त पडतात, हलत नाहीत, मग पोटाची पट्टी उचलून सुरीचं टोक आत घालते, झालं. कुर्लीला कमी त्रास, मला कमी त्रास. दुसरं म्हणजे, घाबरली की कुर्ली आपले पाय आपणच गाळते. गार केली की सगळे जागेवर राहतात.

त्यावरून आठवलं. बाबा, मी दुसरीत असताना तुम्ही आणलेल्या एका कुर्लीचा डेंगा पिशवीतच तुटला होता, आणि मी न्हाणीच्या पायरीवर बसून रडले होते, तिला आता एकाच हाताने जेवावं लागणार म्हणून. (ती थोड्या वेळाने आपणच जेवणार होतो, ते काही डोक्यात नव्हतं.) तुम्ही शाळेतून येऊन शर्टसुद्धा न बदलता माझ्या शेजारी बसलात आणि म्हणालात, बाय, कात टाकली की नवा येतो, आधी बारीक, मग मोठा. तिचं रक्त लाल का नाही, तेही त्याच पायरीवर सांगितलंत. आपल्या रक्तात लोह, तिच्यात तांबं. परवा तुमच्या नातीने विचारलं, हिरवी कुर्ली शिजल्यावर लाल का होते. मी सांगितलं, लाल रंग आधीपासूनच असतो, एका प्रथिनाला चिकटून बसलेला, म्हणून हिरवट दिसतो. आच लागली की प्रथिन मोडतं आणि रंग सुटतो. "तुला कोणी सांगितलं?" तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाली, मग आजोबांनाच विचारते नीट. तेव्हा तुमची शिकवणी इथे ठरलेली आहे. निवृत्त शिक्षकाला सुट्टी नसते.

साफ करणं. सांध्यांत चिखल असतो, तो जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासते. वरची पाठ मागून उचलते, कडेच्या पिसांसारख्या करड्या कल्ल्या काढून टाकते, तोंडाकडची पिशवी काढते. लाख वेगळ्या वाटीत. धडाचे दोन तुकडे, मोठ्या कुर्लीचे चार. डेंग्यांना वरवंट्याचा एकच टोला, तडा जाईल इतकाच. चुरा केला तर रश्शात कवचाचे कण येतात आणि बाबांची कवळी आहे. तुकडे पाण्यात बुडवून ठेवत नाही, चव सगळी पाण्यात जाते.

आणि बारीक पाय फेकत नाही गं. मला माहीत आहे, हे वाचायलाच तू थांबली होतीस. ते थोड्या पाण्यात मिक्सरला फिरवते आणि बारीक गाळणीतून दोनदा गाळते. तो करडा रस एकदम उकळत्या रश्शात ओतला तर गोळे होतात, म्हणून आच कमी करून, थोडा थोडा, हलवत हलवत घालते. घरात वास सुटतो तो अगदी तुझ्या स्वयंपाकघराचा. शेजारच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये नाकाला पदर लावतात, त्याला आपला इलाज नाही.

वाटण तुझंच. कांदा आणि खोबरं वेगवेगळं भाजायचं, खोबरं तांबूस होऊन तेल सुटायला लागलं की उतरवायचं, काळं होऊ द्यायचं नाही. धणे, मिरी, लवंग, बडीशेप, थोडी खसखस, दगडफूल चिमटीत मावेल एवढं. कुर्ल्या आधी आलं-लसूण, हळद आणि मसाल्यावर परतून झाकण ठेवते, त्यांचं पाणी सुटतं, मग वाटण. आंबटाला चार सोलं (कोकमं), शेवटी. लाख सगळ्यात शेवटी वर सोडते, ती ढवळायची नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला रस्सा जास्त चांगला लागतो, हे जावयांचं मत. माझ्या मते तो उरतो, हाच आपल्या घराण्याला डाग आहे.

आता बाबा, हे तुमच्यासाठी. चिडू नका. डॉक्टरांनी कुर्ली बंद केलेली नाही, कमी केली आहे, आणि तुम्ही त्यांच्यासमोर मान डोलावलीत ती मी पाहिली आहे. अंगठ्याचं दुखणं युरिक ॲसिडचं. ते ज्या पदार्थापासून बनतं, तो कुर्लीत असतो आणि शिजताना पाण्यात उतरतो. म्हणजे नुसतं मांस नाही, रस्साही बाधतो. आणि तुम्ही काय करता, मांस नातवंडांच्या पानात आणि स्वतः भाकरी कुस्करून वाटीवर वाटी रस्सा. ते प्रेम आम्हाला कळतं. अंगठ्याला कळत नाही. तर तुम्हाला डेंगे दोन, रस्सा एक वाटी, पायांचा रस घालण्याआधी वेगळा काढलेला. मीठ मी तसंही कमीच घालते, कुर्लीचं स्वतःचं असतं. गोळी रोजची रोज, दुखलं की तेवढ्यापुरती नाही. पाणी भरपूर. अंगठा सुजलेला असेल त्या आठवड्यात कुर्ली नाही म्हणजे नाही, माझ्याकडे रडका चेहरा करून पाहायचं नाही, मी आई नाही, विरघळणार नाही.

(विरघळेन बहुतेक. म्हणून आधीच लिहून ठेवते.)

आई, तुझ्यासाठी नियम एकच आहे. वरवंट्याला, सुरीला, टोपाला हात लावायचा नाही. ओट्याजवळ खुर्ची ठेवीन, बसून काय हवं ते बोल. मीठ जास्त, आच मोठी, खोबरं कच्चं, सगळं ऐकून घेईन. फिजिओथेरपीला एक ताई घरी येणार आहेत, त्यांच्याशी आधीच बोलले आहे. मऊ चेंडू दाबायचा व्यायाम असतो. मूठ नीट वळायला लागली की मार्गशीर्षानंतरच्या कुर्ल्या तू कर, मी पाट मांडून बसते. तुझ्यासारख्या मला कधी जमणार नाहीत, तसा प्रयत्नही नाही. फक्त हा हिवाळा तू आयतं जेवावंस, तेही गरम, सगळ्यांच्या आधी. इतकी वर्षं घरातली शेवटची कुर्ली तुझ्या पानात पडली, तीही पाय मोडलेली. तुला तशीच आवडते, असं आम्हाला सांगून.

निघायच्या आधीची कामं. गॅसचा सिलिंडर बंद करा, नुसती शेगडी नको. तुळशीला पाणी घालायला काकी आहेत, दिवा लावायला त्यांचा मुलगा येईल, बोलणं झालंय. बीपीच्या आणि अंगठ्याच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नाही. आईचा एक्सरे आणा. दोघांची आधारकार्डं बाबांच्या खिशात. गाडीत मिळतं ते सगळं खाऊ नका. ठाण्याला मी आणि तुमचे जावई डब्यापाशी येऊ, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही.

मसाला, सोलं आणि थोडं तांदळाचं पीठ आणा, बाकी ओझं नको. पाटा इथे मिळतो. बाबा, ज्या ओहोटीला तुम्ही शेवटचे कांदळात जाणार आहात, त्या ओहोटीला जाऊ नका, असं मी कितीही लिहिलं तरी तुम्ही जाणार, आणि कुर्ल्या मांडवीतून ठाण्याला आणायचा बेत एव्हाना ठरलाही असेल. मग निदान काकींच्या मुलाला बरोबर न्या, आणि आणायच्याच असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बादलीत गोड्या पाण्यात तर नकोच, मरतील. डेंगे बांधा, ओल्या गोणपाटात गुंडाळून भोकं पाडलेल्या डब्यात घाला, आणि डबा सीटखाली सावलीत ठेवा. चारच आणा. आईकडे बघून सांगते, चारच.

तुमची,
बाय