निवडून आलेली पहिली महिला लेडी अ‍ॅस्टर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील संसद आणि महिला या विषयावरचा लेख वाचला. लेख चांगला होता, म्हणूनच त्यातली एक चूक मनाला लागून राहिली. ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली महिला लेडी अ‍ॅस्टर, असे त्यात म्हटले आहे. अ‍ॅस्टरबाई १ डिसेंबर १९१९ रोजी सभागृहात बसल्या, हे खरे. पण त्याच्या जवळपास वर्षभर आधी, डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत, तेव्हा ब्रिटिश सत्तेखाली असलेल्या डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स मतदारसंघातून काउंटेस कॉन्स्टन्स मार्कीविच निवडून आल्या होत्या. त्या निवडणुकीत १७ महिला उभ्या होत्या. जिंकल्या एकट्या मार्कीविच, आणि निकाल लागला तेव्हा त्या लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होत्या.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. हा प्रसंग सांगितला की वर्गातली एखादी मुलगी हमखास विचारायची, "बाई, मग सुटल्यावर तरी त्या संसदेत का नाही गेल्या?" कारण तिथे बसायचे तर इंग्लंडच्या राजाच्या निष्ठेची शपथ घ्यावी लागे. शिन फेन या मार्कीविच यांच्या आयरिश स्वातंत्र्यवादी पक्षाला ७३ जागा मिळाल्या आणि निवडून आलेल्यांनी लंडनला न जाता जानेवारी १९१९ मध्ये डब्लिनमध्ये आपले स्वतःचे सभागृह, डॉइल, भरवले. आपल्याकडे असहकाराच्या काळात कायदेमंडळांवर बहिष्कार टाकला गेला, त्यामुळे हा निर्णय समजायला आपल्याला जड जाऊ नये. म्हणतात की, सुटकेनंतर मार्कीविच संसद भवनात एकदा गेल्या, त्या फक्त आपल्या नावाची कोट अडकवायची खुंटी पाहायला. खुंटी पाहिली आणि परतल्या.

लेखात त्यांचा उल्लेख नसण्यामागे 'त्यांनी जागा घेतली नाही' हे कारण असेल, तर ते मला मान्य नाही. जागा न घेण्यासाठीच तर मतदारांनी त्यांना निवडून दिले होते.

या बाई कोणत्या घरातून आल्या तेही सांगायला हवे. वडील सर हेन्री गोर-बूथ, स्लायगो परगण्यातल्या लिसाडेलचे जमीनदार आणि आर्क्टिकच्या बर्फात जहाज घेऊन जाणारे संशोधक. १८७९-८० च्या दुष्काळात त्यांनी कुळांना धान्य वाटले, ते कॉन्स्टन्स आणि तिच्या धाकट्या बहिणीने, एव्हाने, लहानपणी डोळ्यांनी पाहिले. १८८७ मध्ये कॉन्स्टन्सला राणी व्हिक्टोरियासमोर दरबारी रिवाजाने हजर करण्यात आले. पुढे लंडन आणि पॅरिसला चित्रकलेचे शिक्षण झाले, पोलिश चित्रकार काझिमिर मार्कीविच यांच्याशी १९०० मध्ये लग्न झाले आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली, मेव्ह. एव्हा मात्र मँचेस्टरला गेली आणि गिरणीतल्या बायकांच्या संघटना बांधू लागली. थोरलीला राजकारणाची वाट धाकटीने दाखवली, असे मला वाटते.

१९१३ मध्ये डब्लिनच्या मालकांनी टाळेबंदी केली, तेव्हा कॉन्स्टन्स कामगार संघटनेच्या लिबर्टी हॉल या इमारतीच्या तळघरात कामगारांच्या बायकामुलांसाठी अन्नछत्र चालवत होत्या. त्यासाठी त्यांनी कर्ज काढले, दागिने विकले. १९१६ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या ईस्टर उठावात डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेत मायकेल मॅलिन यांच्या हाताखाली त्या लढल्या. देहदंडाची शिक्षा झाली, ती केवळ स्त्री म्हणून जन्मठेपेत बदलली गेली. डब्लिनच्या तुरुंगात एव्हा भेटायला आली. कॉन्स्टन्सने उठावाचे एक नेते जेम्स कॉनोली यांचे काय झाले ते विचारले. सांगायची मनाई होती. एव्हा काहीच बोलली नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्यांना देहदंड दिला गेला हे थोरली समजून चुकली. पुढे कॉन्स्टन्स इंग्लंडच्या तुरुंगात असताना दोघी बहिणी रोज ठरलेल्या वेळी एकमेकींचे मनात स्मरण करत.

मेव्हला आजीकडे लिसाडेलला ठेवले, यावरून कॉन्स्टन्स यांना आजही दोष दिला जातो. मुलीच्या वाट्याला दुःख आले असेलच, ते मी नाकारणार नाही. पण काझिमिर १९१३ मध्ये आयर्लंड सोडून गेले आणि पुन्हा संसाराला आले नाहीत, त्याबद्दल त्यांना कोणी एका शब्दाने जाब विचारत नाही. हे मला खटकते.

डॉइलच्या मंत्रिमंडळात त्या १९१९ ते १९२२ कामगारमंत्री होत्या. आयर्लंडला दुसरी महिला मंत्री मिळायला १९७९ उजाडावे लागले. १९२६ मध्ये एव्हा गेली. त्या हिवाळ्यात कोळशाची टंचाई होती, तेव्हा साठीला टेकलेल्या या बाई डब्लिनच्या गरीब वस्त्यांत जळणाची पोती स्वतः जिने चढून पोहोचवत होत्या. १५ जुलै १९२७ रोजी इस्पितळाच्या सर्वसाधारण वॉर्डात त्यांचा मृत्यू झाला. काझिमिर शेवटी भेटायला आले होते. अंत्यदर्शनासाठी सरकारी इमारत मिळाली नाही. रोटुंडा सभागृहात पार्थिव ठेवले, तिथे हजारो गोरगरिबांची रांग लागली.

२०१८ मध्ये आयरिश संसदेने त्यांच्या चित्राची प्रतिकृती लंडनच्या संसदेला भेट दिली. आपणही दुरुस्ती छापावी, आणि छापताना 'त्या निवडून आल्या' व 'त्यांनी जागा घेतली नाही' ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी छापावीत, एवढीच विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा