सीपॅनलचा पासवर्ड ग्रुपवर टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका असं तुमच्या पेपरात सारखं येतंय ते चांगलंच हाय, पण आपल्याकडं लातूर, नांदेड, परभणीला आता क्लासेस, दवाखाने, पतसंस्था, बी-बियाण्याची दुकानं, सगळ्यांच्या वेबसाइटी झाल्यात आणि त्या जिथून चालतात त्या सीपॅनलबद्दल, म्हणजे होस्टिंगवाला (साइट ठेवायला सर्व्हरवर जागा देणारा) जे कंट्रोल पॅनल देतो त्याबद्दल, कुणीच काही बोलंना. मी वेबसाइटीचीच कामं करतो म्हणून लिहायलोय.

मालकाला विचारलं की सीपॅनलचं लॉगिन कुणाकडं हाय, तर म्हणतेत "त्या पोराकडं असंल बघा". ते पोरगं साइट बनवून कधीच पुण्याला नोकरीला गेलेलं असतंय. पासवर्ड म्हणजे संस्थेचं नाव आणि पुढं १२३, तो पण स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला, आणि काम सोडून गेलेली माणसं त्या ग्रुपात अजून तशीच.

अहो सीपॅनलमधी नुसत्या साइटच्या फाइली नसतेत, त्या डोमेनचे सगळे मेल, डेटाबेस आणि बऱ्याच ठिकाणी डीएनएस (डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडं न्यायचं त्याची नोंद) पण तिथंच असतंय. आत गेल्यावर पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस उघडून बघायचं साधन) उघडायला परत पासवर्ड पण लागत नाही, म्हणजे दहावीच्या निकालानंतर पालकांनी क्लासच्या फॉर्मात भरलेली लेकरांची नावं न् नंबर आयतेच हातात.

मागं एका क्लासचं काम माझ्याकडं आलतं. साइट जशीच्या तशी दिसायची पण पब्लिक एचटीएमएलमधी, म्हणजे साइटच्या फाइली असतेत तिथं, एका कोपऱ्यातल्या फोल्डरात कुण्यातरी बँकेचं खोटं लॉगिन पान बसवलेलं, होस्टिंगवाल्यानं अकाउंटच बंद केलं तेव्हा कुठं ह्यांना कळलं. मग पासवर्ड बदलला, फोल्डर उडवला आणि सगळे निवांत. पण चोरानं आत असताना स्वतःचं वेगळं एफटीपी अकाउंट (सर्व्हरवर फाइली चढवायचं-उतरवायचं लॉगिन) काढून ठेवलेलं, ते मेन पासवर्ड बदलल्यानं बंद होत नसतंय. क्रॉन जॉब लावलेला, तो ठरल्या वेळाला तीच फाइल परत आणून टाकायचा. आणि ऑफिसच्या मेलवर फॉरवर्डर, येणाऱ्या प्रत्येक मेलची कॉपी बाहेर. म्हणून पासवर्ड बदलल्यावर ह्या तिन्ही जागा उघडून बघाच, एपीआय टोकन (पासवर्डाशिवाय दुसऱ्या प्रोग्रामला आत घेणारी चावी) पण बघा, आणि आपण न केलेलं जे दिसंल ते काढा. साइट वर्डप्रेस ह्या सॉफ्टवेअरवर बनवलेली असंल तर त्यातला एखादा अनोळखी ॲडमिन पण.

टू-फॅक्टर लावायला पाच मिनिटं पण लागत नाहीत. सीपॅनलमधी सिक्युरिटीखाली टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन हाय, क्यूआर कोड मोबाइलच्या ऑथेंटिकेटर ॲपनं स्कॅन करायचा, मग लॉगिनला पासवर्डासोबत सहा आकडी कोड लागतो आणि तो दर ३० सेकंदाला बदलतो. ह्याला रेंज लागत नाही, आपल्याकडं ते महत्त्वाचं, फक्त मोबाइलचं घड्याळ बरोबर पाहिजे. आयकॉनच दिसत नसंल तर होस्टिंगवाल्यानं सर्व्हरवर चालू केलेलं नाही, त्याला मागायचं. पण टू-फॅक्टर लावलं म्हणून पासवर्ड सोपा ठेवून चालत नाही, कारण त्याच युजरनेम-पासवर्डवर एफटीपी चालतं आणि तिथं हा कोड कुणी विचारत नाही. साधं एफटीपी तर पासवर्ड उघड्यावरच पाठवतं, त्याच्याऐवजी एसएफटीपी वापरा, ते सगळं कुलूपबंद पाठवतं. फाइलझिला ह्या एफटीपीच्या सॉफ्टवेअरला मास्टर पासवर्ड लावलेला नसंल तर त्यात सेव्ह केलेले पासवर्ड कुणालाही काढता येतेत, हे नेट कॅफेच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनी जरा ध्यानात घ्यावं.

डेव्हलपरला मेन लॉगिन द्यायचं कामून? त्याला एकाच फोल्डरापुरतं एफटीपी अकाउंट काढून द्या आणि काम झालं की डिलीट करा. कॉन्टॅक्ट ईमेल मालकाचा पाहिजे, तो पण त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर अकाउंट बंद पडलं की रिसेटचा मेल यायचा कुठं? तिथंच पासवर्ड बदलला तर मला कळवा असा टिक हाय, तो लावा. होम पेजवर लास्ट लॉगिनचा आयपी दिसतो, तो बघायची सवय लावा. फुकटात मिळणाऱ्या नल्ड थीमबद्दल (साइटचं विकतचं तयार डिझाइन, लायसन तोडून वाटलेलं) तर बोलायलाच नको, दोन-चार हजार वाचवायला लोक चोराला घरात घेतेत.

होस्टिंग कंपनी मोठी हाय म्हणून आपण निर्धास्त, असं पण नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात गोडॅडीनं स्वतःच सांगितलं की त्यांच्या मॅनेज्ड वर्डप्रेसच्या १२ लाखापर्यंत ग्राहकांची माहिती बाहेरच्याच्या हाती लागली, आणि तो शिरला होता चोरलेल्या पासवर्डावर. म्हणून बॅकअप महिन्यातून एकदा तरी आपल्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या, त्याच होस्टिंगवर ठेवलेला बॅकअप अकाउंटासोबतच जातो.

सायबर पोलिसांचे कॉलेजात कार्यक्रम होतेत, १९३० नंबर सांगतेत, पण पैसे गेल्यावरचा तो नंबर हाय. तसाच एखादा कार्यक्रम व्यापारी संघटनांनी आणि क्लासवाल्यांनी मे महिन्यात, ॲडमिशनच्या आधी ठेवावा, समोर सीपॅनल उघडून. तुमच्या पेपरनं पुढाकार घेतला तर लातुरात येऊन फुकट दाखवायला मी तयार हाय, हॉल आणि प्रोजेक्टरचं तेवढं बघा.

आपला एक वाचक,
लातूर