लाकडं फोडायचं मशीन घेताना आधी घरचं व्होल्टेज बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली मोबाईलवर लाकडं फोडायच्या छोट्या इलेक्ट्रिक मशीनच्या जाहिराती सारख्या येतात आणि आमच्या दापोलीकडं बरेच जण ते घ्यायचा विचार करतायत, म्हणून हे पत्र. गॅस घरोघरी आला तरी कोकणात न्हाणीतला बंब आणि मागल्या दारची चूल अजून पेटतेच, पण आगोटच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर लाकडं फोडायला गडी मिळत नाही, मुलं मुंबई-पुण्याला आणि घरात सत्तरीच्या पुढची माणसं, त्यांनी कुऱ्हाड उचलायची तरी कशी? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आंबे, फणस, काजू आडवे झाले, दारात लाकडाचा ढीग पडला होता आणि फोडणारं कोणी नाही म्हणून कितीतरी ओंडके जागेवर वाळवीनं खाल्ले. त्यामुळं असं मशीन यायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पण विकणारे सांगतात काय, तर पाच टन, सात टन, म्हणजे ओंडक्यावर एवढा दाब! नुसत्या टनावर जाऊ नका. सात टनाच्या मशीनला साधारण 2200 वॅटची मोटर असते, म्हणजे 230 व्होल्टला दहा अँपिअरच्या आसपास करंट खेचणार, ते टीव्हीच्या 6 अँपिअरच्या प्लगवर चालायचं नाही, 16 अँपिअरचा पॉवर पॉईंट आणि नीट अर्थिंग हवंच. आणि आमच्या वाड्यांत संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येतं त्याचं काय? मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात कमी होते, म्हणजे 230 च्या मानानं 180 ला ती साठ टक्क्यांवर आली, तेवढ्यात ओंडका अडकला की मोटर नुसती घुमते आणि तापते. त्यात अंगणापर्यंत बारीक वायरचं एक्स्टेंशन ओढलं की आणखी व्होल्टेज पडतं. वायर 2.5 स्क्वेअर एमएमची घ्या आणि रीळवर असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. अमेरिकेतून कोणी पाठवतो म्हणाला तर नकोच म्हणा, तिथलं मशीन 110-120 व्होल्टचं.

दुसरं म्हणजे हे मशीन लाकूड कापत नाही, फक्त उभं चिरतं. बहुतेक छोट्या मशीनमध्ये 50 सेंटिमीटर लांब आणि 25 सेंटिमीटर जाड एवढाच ओंडका बसतो, म्हणजे करवत आधी लागणारच, आणि दोन्ही टोकं सरळ कापलेली पाहिजेत, तिरकं कापलेलं लाकूड दाब आला की सटकतं. सुरूचं लाकूड सरळ फुटतं, पण गाठीचा नाहीतर बेचक्यातला ओंडका असला की सात टनाचंही मशीन अडतं. अशा वेळी पाच सेकंदांच्या वर दाब धरून ठेवायचा नाही, मशीनमधलं दाब देणारं ऑईल तापतं, ओंडका फिरवून परत लावायचा, तरी नाही फुटला तर घण आणि पाचर आहेच. बंबासाठी मात्र मशीन फारच कामाचं, कारण बंबाच्या नळीत बारीक ढलप्याच लागतात आणि अर्धं फुटलेलं लाकूड परत लावून पाहिजे तेवढं बारीक करता येतं.

मोटरच्या प्लेटवर एस-सहा (S6) 40 टक्के लिहिलंय का बघा, त्याचा अर्थ दहा मिनिटांत चारच मिनिटं लोड, बाकी वेळ रिकामं. ही गोष्ट मी कुठल्याच दुकानदाराच्या तोंडून ऐकली नाही. आडव्या मशीनला हवेचा एक स्क्रू असतो, तो चालवण्याआधी सैल करायचा आणि उचलून ठेवताना घट्ट, विसरलात तर सील जातात आणि तेल गळायला लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जीवाचं. चांगल्या मशीनला एक हात बटणावर आणि दुसरा लिव्हरवर ठेवल्याशिवाय ओंडका ढकलणारा दांडा पुढं सरकत नाही, म्हणजे हात मध्ये जाऊच शकत नाही. ही सोय नसेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, आणि असली तरी दुसऱ्या माणसाला ओंडका धरायला उभं करू नका, एकानंच चालवायचं. ड्रिलला लावायचा तो फिरणारा टोकदार शंकूसारखा स्क्रू तर बिलकुल नको. तो लाकडात घुसतो तेव्हा ओंडकाच गरगर फिरू शकतो, आणि साडीचा पदर, ओढणी, ढिला हातमोजा त्यात सापडला तर हात गेलाच समजा. आमच्याकडं बंब पेटवणारी, लाकडं आणणारी बहुतेक बायाच असतात हो, त्यांच्या हातात असली वस्तू देणार का आपण?

माझी आपल्याला एवढीच विनंती आहे की घरगुती यंत्रांवर पुरवणी काढाल तेव्हा या मशीनबद्दल सविस्तर छापा, आणि जाहिरात देणाऱ्यांना वॅट, व्होल्ट, ओंडक्याची जाडी आणि दोन हातांची सोय आहे की नाही हे लिहायला सांगा. आणि वाचकहो, दुकानदारानं मऊ सुकं लाकूड फोडून दाखवलं तर मान डोलावू नका, आपल्या आवारातला गाठीचा फणस घेऊन जा आणि तो लावायला सांगा. वर्षाला थोडंच लाकूड लागत असेल तर एकट्यानं घेण्यापेक्षा वाडीतल्या चार घरांनी मिळून एक घ्यावं, चाकं असतात पण वजन 45-50 किलो असतं, तेव्हा ज्याच्या पडवीत कोरडी जागा आणि पॉवर पॉईंट आहे त्याच्याकडंच ते ठेवावं.

आपला,
एक वाचक, दापोली तालुका