बाई, रागावलो तर भावावरच ना?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की मराठी मीडियमच्या मुलांना इंग्रजीतली प्रिपोझिशन्स, म्हणजे ऑन, विथ, टू असले छोटे शब्द, जमत नाहीत, पाठांतर बंद झालं म्हणून हे झालं, पूर्वीसारखी यादी घोकून घ्या वगैरे. मी भांडुपला घरीच शिकवण्या घेते, अठरा वर्षं झाली, पाचवी ते दहावी, बहुतेक मुलं मराठी मीडियमचीच. म्हटलं भांडी घासताना एकटीनेच पुटपुटण्यापेक्षा लिहून टाकावं.

यादी मीही घोकून घेतलेली आहे हो. पहिली चार-पाच वर्षं तेच केलं. लिसन टू, वेट फॉर, डिपेंड ऑन, पोरं पाढ्यासारखी खडाखड म्हणायची आणि निबंध लिहायला बसवलं की परत "आय अ‍ॅम वेटिंग यू". पाढे येणारी सगळीच मुलं वाण्याकडचा हिशेब करू शकत नाहीत, तसंच.

मला अक्कल आली ती सातवीतल्या एका पोरामुळे. त्याने लिहिलं होतं, "आय वॉज अँग्री ऑन माय ब्रदर." मी लाल पेनाने ऑन खोडलं, वर विथ लिहिलं. त्याने वही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पण बाई, रागावलो तर भावावरच ना? भावासोबत कसा रागावेन, तो तर मजेत गेम खेळत होता." आता यावर काय बोलणार सांगा! मला हसू आलं, त्याला वाटलं मी त्याला हसले, तो रुसला, ते जाऊ दे. पण त्याचं म्हणणं डोक्यात राहिलं. पोराने मराठीतला 'वर' इमानदारीत उचलून इंग्रजीत नेऊन ठेवला होता, त्याच्या हिशोबाने तो बरोबरच होता.

मग मी वह्या तशा नजरेने बघायला लागले. आई माझ्यावर ओरडली म्हणून "शाउटेड ऑन मी", गणितात हुशार म्हणून "गुड इन मॅथ्स", आणि 'माझं ऐक' यात 'ला' कुठेच नाही म्हणून "लिसन मी". 'मला समजाव' वरून "एक्स्प्लेन मी", कारण 'टेल मी' चालतं मग हे का नाही. आणि हे फक्त पोरांचं नाही बरं का, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोण ना कोण सकाळी टाकतंच, "रीच्ड टू ऑफिस". ऑफिसला पोचलो, मग टू नको? नको. अराइव्हला अ‍ॅट किंवा इन लागतं, रीचला काहीच लागत नाही.

सगळ्यात मोठी गंमत 'डिस्कस अबाउट'ची. हे मराठी मीडियमवाले एकटे बोलत नाहीत, इंग्रजी मीडियममधून शिकून मोठ्या पगारावर बसलेले साहेब लोक मेलमध्ये लिहितात, मिस्टरांच्या ऑफिसात तर रोज. खरं तर डिस्कसच्या मागे काहीच येत नाही, पण डिस्कशन म्हटलं की अबाउट येतं. रिक्वेस्ट हे नाम असेल तर 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', क्रियापद असेल तर नुसतं 'रिक्वेस्ट लीव्ह'. पाण्याची टंचाई म्हणजे 'लॅक ऑफ वॉटर', पण क्रियापद केलं की 'वी लॅक वॉटर'. 'एम्फसिस ऑन', पण 'एम्फसाइझ' एकटंच. म्हणजे नामाला शेपूट आहे आणि क्रियापद झालं की ते गळतं. मग आपण ते सगळीकडे का चिकटवतो? तर मला वाटतं आपण रोजच्या बोलण्यात चर्चा 'करतो', विनंती 'करतो', भर 'देतो'. चर्चा, विनंती, भर ही सगळी नामंच झाली की नाही! विषयावर चर्चा, अभ्यासावर भर. डोक्यात नाम बसलेलं असतं म्हणून तोंडातून नामाचं शेपूट बाहेर पडतं.

हे मी फळ्यावर दोन रकाने करून लिहिलं तर मुलं आपणहून शोधायला लागली. एकीने 'लग्न करणे' आणलं. अमक्याशी लग्न, म्हणून आपण म्हणतो "मॅरी विथ". तिथे विथ नको, 'शी मॅरीड हिम'. पण लग्न झालेली आहे असं सांगायचं तर 'शी इज मॅरीड टू हिम'. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे बाई, लग्न करताना काही लागत नाही, नंतर लागतं." पुढची दहा मिनिटं शिकवणी बंद.

आणि सगळंच काही अंदाधुंद नाही. अ‍ॅट म्हणजे नेम धरणं, हे मी चाळीतल्या क्रिकेटवर शिकवते. 'थ्रो द बॉल टू मी' म्हटलं तर कॅच मिळेल, 'थ्रो इट अ‍ॅट मी' म्हटलं तर डोक्याला टेंगूळ. तसंच शाउट टू म्हणजे लांबच्याला ऐकू जावं म्हणून ओरडणं आणि शाउट अ‍ॅट म्हणजे झापणं. लुक अ‍ॅट, लाफ अ‍ॅट, पॉइंट अ‍ॅट, सगळीकडे नेम. काहीतरी मिळवायचंय तिथे फॉर: आस्क फॉर, अप्लाय फॉर, सर्च फॉर. लांब ठेवायचंय तिथे फ्रॉम: प्रिव्हेंट, प्रोटेक्ट, हाइड. अशी कुळं लावली की निम्मी तरी लक्षात राहतात. उरलेल्यांचं मात्र नशीब, कन्सिस्टला ऑफ का आणि कम्प्राइझला काहीच का नाही हे मला विचारू नका.

आणखी एक, मुलांकडे डिक्शनरी असते किंवा मोबाइलवर असतेच, पण बघतात फक्त अर्थ. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज गृहस्थ जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांनी दोन सहकाऱ्यांना घेऊन परक्या माणसांसाठी डिक्शनरी केली, ती 1942 साली टोकियोत निघाली आणि पुढे ऑक्सफर्डने छापली. तिचा मोठा भाग हाच की क्रियापदाच्या मागे काय येतं ते उदाहरणासकट दाखवायचं. आज शिकणाऱ्यांसाठीच्या कुठल्याही चांगल्या डिक्शनरीत ते असतं, अर्थाच्या खाली दोन ओळी आणखी वाचल्या की झालं.

आता त्या पत्रलेखकांना एक विचारायचंय. माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, राज्यात पहिलीपासून सुरू झालं ते 2000 मध्ये, म्हणजे पहिलीपासून शिकलेली एक अख्खी पिढी आता कामाला लागलीय आणि ती पण 'डिस्कस अबाउट'च म्हणते, इंग्रजी मीडियमची धरून. मग त्यात मराठी मीडियमलाच का धरायचं? आणि मराठीचं काय चाललंय मुंबईत? 'मला मदत कर' म्हणायचं सोडून हल्ली सगळे 'माझी मदत कर' म्हणतात, सरळ 'मेरी मदत करो'. 'त्याला भेटलो'चं 'त्याच्याशी भेटलो' झालं. रागावलेल्या पोराने इंग्रजीत जे केलं तेच आपण हिंदीवरून मराठीत करतोय, त्याला मात्र लाल पेन कोणी लावत नाही.

तुम्ही दहावीच्या मुलांसाठी जे पान काढता त्यात प्रिपोझिशनची यादी परत छापणार असाल तर कृपया नुसती जोडी छापू नका, पूर्ण वाक्य द्या आणि शेजारी मराठी वाक्य द्या, म्हणजे 'वर' कुठे गेला आणि विथ कुठून आलं ते पोरांना दिसेल. वाक्यं कमी पडली तर माझ्याकडे वह्या भरून आहेत. आणि रविवारी पहिल्या पानावर 'पूरग्रस्तांची मदत करा' असं मथळ्यात आलं होतं, ते तेवढं बघा.

आपली,
शिकवणीवाली बाई, भांडुप