हँक आरन आणि आमची पोरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. रेशीमबागेजवळ राहतो, संध्याकाळी पोरांना सॉफ्टबॉल शिकवतो. परवा एक नवी मुलगी उजव्या बाजूने खेळताना डावा हात वर धरून बॅट फिरवत होती. पोरं हसली. मी त्यांना खाली बसवलं आणि अमेरिकेचा बेसबॉलपटू हँक आरन सांगितला. तोही सुरुवातीला अशीच उलटी पकड घ्यायचा! पुढे त्यानं ७५५ होमरन (बहुतेकदा चेंडू थेट कुंपणापार धाडणारे फटके) मारले. एका मोसमात ४७ च्या वर कधीच नाही, पण २३ मोसम तो मारतच राहिला. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात त्यानं बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम मोडला. त्याआधी कित्येक महिने, काळ्या माणसानं गोऱ्याचा विक्रम मोडू नये म्हणून, जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. तरी तो रोज मैदानात उतरला.

आमच्या पोरांना मात्र मैदानच मिळत नाही. मंडप उठतो, खड्डे आणि खिळे तसेच राहतात. मागच्या आठवड्यात त्याच मुलीच्या बुटातून खिळा आरपार गेला. कार्यक्रमाची परवानगी देतानाच मैदान पूर्ववत करून देण्याची अट घालावी आणि ती पाळून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नागपूर