परीक्षा जरूर घ्या, पण अशी वाट बघायला लावू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमुक देशाला हजारो नर्स हव्यात, तमुक देशात डॉक्टर-इंजिनियरची टंचाई, अशा बातम्या आपल्या पेपरात नेहमी येतात आणि त्या खोट्या नसतात, टंचाई खरीच आहे. पण तिकडे पोचल्यावर आपलं काम करायचं लायसन्स हातात पडेपर्यंत माणसाचं काय होतं ते त्या बातमीत कधी नसतं, म्हणून हे पत्र लिहितेय. मी स्वतः नर्स आहे, 11 वर्षं आयसीयूत काढली आणि मग नवऱ्याबरोबर परदेशात आले. कुठला देश ते मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्याबरोबर भाषेच्या क्लासला ज्या बायका होत्या त्यात कुणी डेंटिस्ट, कुणी फार्मासिस्ट, एक तर बारा वर्षं शाळेत शिकवून आलेली, सगळ्या वेगवेगळ्या देशांतल्या, कुणाची बहीण आणखी तिसऱ्याच देशात अडकलेली, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच.

आधीच सांगते, परीक्षा नको असं माझं म्हणणं अजिबात नाही. मी सगळी नोकरी शुगर 100 अशी वाचण्यात घालवली, इकडे तीच शुगर 5.6 लिहितात कारण एकक वेगळं. आपलं पॅरासिटामॉल कॅनडा-अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होतं, ॲड्रेनालिनचं एपिनेफ्रिन होतं. रात्री तीन वाजता पेशंट कोसळतो तेव्हा या गोष्टीत घोळ करून चालत नाही, त्यामुळे नवीन माणसाला तपासून घेतलंच पाहिजे, माझ्या आईला सांभाळणारी नर्स असती तर मीही हाच आग्रह धरला असता.

पण खरं सांगायचं तर परीक्षा हा यातला सोपा भाग आहे. नर्सिंगचंच घ्या, एनसीएलईएक्स ही नर्सच्या लायसन्सची परीक्षा अमेरिकेत चालते, कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत 2015 पासून तीच आहे, तिची केंद्रं इतर देशांतही आहेत म्हणजे निघायच्या आधी देऊन टाकता येते. अडतं कुठे, तर परीक्षेला बसायची परवानगी आधी लायसन्स देणाऱ्या तिथल्या बोर्डाकडून आणावी लागते आणि सगळा काळ जातो तो त्या परवानगीत.

माझ्या फाइलचं काय झालं ते सांगते. कॉलेजने प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास आणि वॉर्डातले तास लिहून ते सीलबंद पाकिटात थेट पाठवायचे, पाकीट आपल्या हातात आलं की ते बाद. पहिल्यांदा गेलं तेव्हा मानसिक आरोग्याचे वॉर्डातले तास वेगळे दाखवले नव्हते म्हणून परत मागवा. दुसऱ्यांदा सगळं बरोबर होतं पण डिग्रीवर माहेरचं आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं, त्याचं ॲफिडेविट आधी दिलेलं होतं तरी ते सापडेना, परत पाठवा. दर वेळी मधे चार-पाच महिने नुसतं "अंडर रिव्ह्यू" एवढंच दिसायचं, फोन केला तर तेच वाचून दाखवायचे. या सगळ्यात आयईएल्टीएसची, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेची, दोन वर्षांची मुदत संपली, म्हणून परत फी भरून ती परीक्षा दिली, मार्क पहिल्यापेक्षा जास्तच आले. आणि मग 26 महिन्यांनी पत्र आलं की तुमचं प्रत्यक्ष काम आता पुरेसं अलीकडचं राहिलेलं नाही, तरी रिफ्रेशर कोर्स करा. ते पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या तीनदा वाचलं. ज्यांनी मला दोन वर्षं थांबवून ठेवलं तेच विचारत होते की तू थांबलीस का.

मधल्या काळात मी एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागले, अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं. काम कमीपणाचं नाही, मी ते मनापासून केलं. पण एका रात्री एका आजींचा श्वास मला वेगळा वाटला, मोजला तर मिनिटाला 32, ओठांच्या कडा निळसर, हात गार. मला काय चाललंय ते कळत होतं, पुढे काय करायचं तेही माहीत होतं, आणि मला तिथल्या ऑक्सिजनला हात लावायची परवानगी नव्हती. खालच्या मजल्यावरच्या नर्सला बोलावलं, ती धावत आली, तिने केलं सगळं, आजी वाचल्या. ती येईपर्यंतची चार-पाच मिनिटं मी त्यांचा हात धरून नुसती उभी होते. त्या रात्री त्या इमारतीत नर्स एकच होती, तिच्यावर दोन मजले होते, आणि वरच्या मजल्यावर माझ्यासारखी मदतनीस.

लोक म्हणतात, जाताना माहीत नव्हतं का? नव्हतं हो, आणि जे माहीत होतं ते उलटंच होतं. कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री बघा, म्हणजे शिकलेल्या-अनुभवी लोकांना पॉइंट्स बघून देशात घ्यायची पद्धत, 2015 मध्ये सुरू झाली, त्यात डिग्रीचे पॉइंट्स मिळतात, अनुभवाचे मिळतात, डिग्री तपासून त्यांच्याकडच्या अमुक शिक्षणाबरोबरीची आहे असा रिपोर्टही येतो. माणसाला वाटतं झालं, डिग्री मान्य झाली. ती फक्त इमिग्रेशनपुरती मान्य झालेली असते, लायसन्स देणारी संस्था वेगळी आणि ती पुन्हा पहिल्यापासून सगळं मागते. एक दार डिग्री बघून आत घेतं आणि आतलं दुसरं दार तीच डिग्री बघून उघडत नाही, आणि या दोघांची एकमेकांशी बोलायची तयारी नाही. डॉक्टरांचं तर आणखी अवघड, अमेरिकेत परीक्षा पास झाल्या तरी साधारणपणे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं डॉक्टरचं प्रशिक्षण, नव्याने करावीच लागते, ती कमीत कमी तीन वर्षं, आणि तीही जागा मिळाली तर. वीस वर्षं ऑपरेशन केलेला माणूसही त्याच रांगेत.

हे बदलता येत नाही असंही नाही. जर्मनीत 2012 पासून बाहेरच्या डिग्र्या तपासून मान्य करण्याचा कायदा आहे, बाहेरच्या देशातूनच अर्ज करता येतो, कागद पूर्ण पोचले की साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि नुसता नकार न देता कुठे काय कमी पडतंय ते लेखी सांगतात, मग तेवढंच शिकायचं किंवा तेवढीच परीक्षा द्यायची. तिथेही लोक भाषेत आणि कागदात अडकतात, सगळं गुळगुळीत आहे असं नाही, पण निदान काय कमी आहे ते तरी कळतं. कॅनडाच्या ऑन्टारियोत इंजिनियरच्या लायसन्सला कॅनडातलाच अनुभव हवा ही अट होती, ती 2023 मध्ये काढली. तिथल्या मानवी हक्क आयोगाने 2013 लाच सांगितलं होतं की अशी अट हा सकृतदर्शनी भेदभाव आहे, म्हणजे दहा वर्षं त्यातही गेलीच. अमेरिकेच्या टेनेसी राज्याने 2023 मध्ये कायदा केला की बाहेरच्या अनुभवी डॉक्टरला रेसिडेन्सी पुन्हा न करता देखरेखीखाली तात्पुरतं लायसन्स देता येईल.

देखरेखीखाली काम, हाच यातला सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे असं मला वाटतं. मला सहा महिने एखाद्या सीनियर नर्सच्या हाताखाली उभं केलं असतं तर मला येतं की नाही ते त्यांना पहिल्या आठवड्यात कळलं असतं, पाकिटातल्या तासांवरून ते 26 महिन्यांत कळलं नाही. आणि जोपर्यंत फाइल त्यांच्याच टेबलावर आहे तोपर्यंतचा काळ कामातल्या खंडात मोजू नका, भाषेच्या सर्टिफिकेटची मुदतही तेवढी पुढे धरा. याला खर्च काहीच नाही.

आपल्या पेपरला विनंती एवढीच की मागणीची बातमी छापताना खाली चार ओळी लायसन्सच्याही छापा, ते कोण देतं, अर्ज निघायच्या आधी करता येतो का, किती अलीकडचा अनुभव चालतो. माझा रिफ्रेशर आता संपत आलाय, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. परवा माझ्या जुन्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीचा फोन आला, व्हिसा आलाय, सोमवारी राजीनामा देऊ का म्हणत होती. मी तिला म्हटलं, बोर्डाचं पत्र आलंय का ते आधी सांग, आणि ते येईपर्यंत वॉर्ड सोडू नकोस.

आपली,
परदेशात राहणारी एक वाचक